लिंबू-मोसंबीची नवी पानं पिवळी येतायत, काळी माती आहे, रासायनिक काही टाकायचं नाही, काय करू? (राऊ, इंदूर)

मंजिरी_सुदामानगर
14 सप्टेंबर

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहिते. राऊच्या पुढे आमची एक बिघा जमीन आहे, बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, आणि चार वर्षांपूर्वी त्यांनी तिथे 34 झाडं लावली, 26 कागदी लिंबू, 6 मोसंबी आणि 2 संत्री. आजवर युरियाचा एक दाणा पडलेला नाही तिथे, बाबांनी पहिल्या दिवसापासून तसं ठरवलेलं आहे आणि मलाही ते तसंच ठेवायचंय. आता बाबांचे गुडघे साथ देत नाहीत म्हणून गेल्या वर्षापासून शनिवार-रविवारी मी जाते, बाकीचे दिवस शेजारच्या शेतातला एक मुलगा पाणी सोडतो.

त्रास असा की ऑगस्टपासून नवी पालवी पिवळी येतेय. खालची जुनी पानं हिरवीगार आहेत, पण शेंड्याची कोवळी पानं बघितली तर पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, अगदी बारीक जाळी काढल्यासारख्या. मोसंबीला जास्त आहे, लिंबाला कमी. जमिनीच्या खालच्या बाजूला सात झाडं आहेत तिथे सगळ्यात जास्त, तिथे जोराचा पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी उभं राहतं. त्यातल्याच दोन मोसंब्यांच्या फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्यात आणि एकीच्या बुंध्याला जमिनीलगत डिंक आलाय.

आम्ही काय काय दिलंय तेही सांगते. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक झाडाला दोन घमेली शेणखत. घरी अजून बंब आहे, त्याची राख मी पिशवीत भरून नेते आणि आळ्यात टाकते, राखेत पोटॅश असतं असं वाचलं होतं म्हणून. अंड्याची टरफलं कुटून टाकली कॅल्शियमसाठी. पाणी बोअरचं, पाऊस नसेल तेव्हा दिवसाआड, पाइप सरळ आळ्यात. आळं बुंध्याला लागूनच केलेलं आहे.

खताच्या दुकानात पानं दाखवली तर ते म्हणाले नत्र कमी आहे, डीएपी आणि युरिया टाका, आठ दिवसांत हिरवं होईल. मी काही न घेता परत आले. बाबा रोज फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतात की पालवी कशी आहे, आणि मला खोटं सांगवत नाही. मातीत नेमकं काय बिघडलंय आणि सेंद्रिय पद्धतीने ती कशी सुधारायची हे कोणी नीट समजावून सांगाल का?


महूचा_बागवान
14 सप्टेंबर

मंजिरीताई, सगळ्यात आधी ते राख आणि टरफलं टाकणं आजपासून बंद करा. दुकानात न घेता परत आलात ते उत्तम केलंत. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, आणि पूर्ण पान पिवळं पडतं शिरांसकट. तुमच्याकडे नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोहाचं लक्षण आहे. पण म्हणून लोह विकत आणू नका लगेच, कारण आपली माळव्याची काळी माती बेसाल्टची झालेली आहे, तिच्यात लोह खच्चून भरलंय. झाडाला ते घेता येत नाहीये एवढंच. का येत नाही ते बघायचं.

माझी महूजवळ बाग आहे, बारा वर्षं झाली, आणि पहिली चार वर्षं मी पण खत खत करत होतो. शेणखत वाढवलं, पेंड वाढवली, झाडं तशीच. मग एका म्हाताऱ्या माळ्याने मला एकच शब्द विचारला, वाफसा असतो का रे तुझ्या झाडाखाली? तेव्हा डोक्यात उजेड पडला. वाफसा म्हणजे काय ते इथल्या बऱ्याच नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून लिहितो. माती ओली असते पण चिखल नसतो, मुठीत दाबली की गोळा होतो आणि अंगठ्याने टिचकी मारली की फुटतो, म्हणजे मातीच्या कणांमध्ये ओलावाही आहे आणि हवाही आहे. लिंबूवर्गातल्या झाडांची खाणारी मुळं वरच्या फूट-दीड फुटातच असतात, केसांसारखी बारीक, आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते, सगळी भोकं बंद होतात, आणि दिवसाआड पाणी दिलं तर बिचाऱ्या मुळांना वाफसा मिळतच नाही, पावसाळ्यात तर नाहीच नाही. उलट एप्रिल-मेमध्ये तीच माती हातभर खोल भेगाळते आणि तीच बारीक मुळं तुटून जातात. म्हणजे दोन्हीकडून मार.

आता काम सांगतो. खालच्या बाजूच्या झाडांमध्ये एक खड्डा घ्या, फूटभर रुंद आणि दोन फूट खोल, झाडाच्या घेराबाहेर, मुळं तुटू नयेत. पाऊस नसेल अशा दिवशी करा. पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि घड्याळ बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला जर खड्ड्यात पाणी उभं असेल तर तुमचा प्रश्न खताचा नाहीच, निचऱ्याचा आहे. तसाच एक खड्डा वरच्या बाजूला पण घ्या म्हणजे फरक कळेल.

आणि त्या डिंक आलेल्या मोसंबीचं एक बारीक मूळ उकरून दोन बोटांत धरून ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता पांढरा दोरा राहिला तर समजा मूळकूज आहे, पाणथळ जमिनीतल्या बुरशीची. चांगल्या मुळाची साल अशी निघत नाही, आणि वासही स्वच्छ येतो.

आळं बुंध्याला लागून आहे म्हणता ते आजच मोडा. बुंध्याभोवती हात-दीड हात अंतरापर्यंत मातीची चढण करा म्हणजे पाणी बुंध्यापासून लांब वाहील, आणि पाणी द्यायची चारी फांद्यांच्या टोकांखाली गोल काढा. खाणारी मुळं तिथेच आहेत, बुंध्याशी पाणी देऊन डिंक्याशिवाय, म्हणजे बुंध्याला डिंक येण्याच्या रोगाशिवाय, काही मिळत नाही. चढण करताना कलमाचा जोड मात्र मातीत गाडू नका, तो वीतभर तरी वर उघडा पाहिजे. उद्या फोटो टाका बुंध्याचा.


मंजिरी_सुदामानगर
14 सप्टेंबर

दादा खूप खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. फोटो शनिवारी टाकते. पण राख का बंद? सगळीकडे तर लिहिलेलं असतं की फळझाडांना राख चांगली.


मृदाकाकू
15 सप्टेंबर

मंजिरी, राखेचं मी सांगते. मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत 27 वर्षं काम केलं, आता रिटायर आहे. राख चांगली हे खरं आहे, पण ते आंबट मातीच्या प्रदेशातलं खरं आहे, कोकणात, केरळात. राख क्षारधर्मी असते, ती मातीचा पीएच, म्हणजे आंबट की क्षारधर्मी ते सांगणारा आकडा, वर नेते. आपल्या माळव्यात काळ्या मातीचा पीएच बहुतेक ठिकाणी आधीच साडेसात ते साडेआठच्या मध्ये असतो, आणि लिंबूवर्गाला बरं वाटतं ते साधारण सहा ते साडेसातला. म्हणजे तू आधीच चढलेल्या तापात गरम पाणी देत होतीस बाळा. टरफलं म्हणजे तर चुनाच, आणि चुना तुझ्या मातीत मुळातच पोत्यांनी आहे. खणताना पांढरे खडे दिसतात ना, हरभऱ्याएवढे, ते चुनखडीचे. पोटॅशची पण काळजी करू नकोस, काळ्या मातीत ते सहसा कमी पडत नाही.

आता लोह का अडतं ते महूच्या दादांनी सांगितलं त्याला मी पुढे जोडते, कारण यातली गंमत कळली की काय करायचं ते आपोआप कळतं. मुळं आणि मातीतले जीव श्वास सोडतात, कार्बन डायऑक्साइड. माती मोकळी असेल तर तो वर निघून जातो. पाणी साचलं की तो अडकतो, पाण्यात मिसळतो आणि चुनखडीला विरघळवतो, त्यातून बायकार्बोनेट तयार होतं, आणि हे बायकार्बोनेट मुळाला लोह घेऊ देत नाही. घेतलं तरी पानात नीट वापरू देत नाही. म्हणून तुझी पानं भर पावसाळ्यात पिवळी पडली आणि खालच्या बाजूला जास्त पडली. चुनखडी आणि पाणी दोन्ही एकत्र आले की हा रोग, दोन्हीतलं एक जरी सोडवलं तरी झाड सावरतं. चुनखडी काही आपण काढू शकत नाही. पाणी काढू शकतो.

तुझं बोअरचं पाणी पण त्याच पंगतीतलं आहे. पाइपच्या तोंडाला किंवा बादलीला पांढरा थर धरतो का ते बघ. धरत असेल तर दर पाण्याबरोबर तू थोडं बायकार्बोनेट ओततेयस. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर निदान पाणी कमी वेळा दे.

माती परीक्षण करून घे, पण नमुना नीट काढ, लोक तिथेच चुकतात. नमुना काढायला लोखंडी खुरपं वापरू नकोस, गंज मातीत उतरतो आणि लोहाचा आकडा खोटा येतो, लाकडी किंवा प्लास्टिकचं काहीतरी घे. जिथे खत टाकलंस तिथली माती घेऊ नकोस. झाडाच्या घेराच्या कडेला, पाच-सहा झाडांखालून, एक नमुना वरच्या फुटाचा आणि दुसरा त्याच्या खालच्या फुटाचा, वेगवेगळे. सावलीत वाळव, ढेकळं फोड, ढीग करून चार भाग कर, समोरासमोरचे दोन टाकून दे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. खालच्या बाजूचा वेगळा आणि वरच्या बाजूचा वेगळा. कागदावर मागून घे: पीएच, ईसी (क्षारांचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी, लोह आणि जस्त. नुसतं नत्र-स्फुरद-पालाश करून देतात, तेवढ्यावर परत येऊ नकोस, मुक्त चुनखडी आवर्जून माग. ती दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर संत्रा-मोसंबी त्या जागी कायम रडतच राहणार हे धरून चालायचं. कृषी महाविद्यालयात आधी फोन करून विचार, नाहीतर कुठलीही भरवशाची लॅब चालेल.

तोवर घरच्या घरी एक बघता येईल. मूठभर कोरडी माती बशीत घे आणि वरून सिरका किंवा लिंबाचा रस पिळ. कान जवळ ने. चुर्र असा बारीक आवाज येऊन बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे.

आणि कोणी जिप्सम टाक म्हटलं तर रिपोर्टशिवाय टाकू नकोस. जिप्सम सोडियमच्या चोपण जमिनीचं औषध आहे, चुनखडीचं नाही. गंधकाचं पण तेच, मोकळी चुनखडी भरपूर असलेल्या मातीत गंधक चुनाच खाऊन टाकतो, पीएच जागचा हलत नाही, पैसे जातात.


देपालपूर_देशी
15 सप्टेंबर

ताई इतकं सगळं करायची गरज नाही, जीवामृत सुरू करा. 200 लिटर पाणी, 10 किलो देशी गाईचं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत ठेवून रोज दोन वेळा ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी द्यायचं महिन्यातून एकदा. माझी आठ झाडं लिंबाची, पानं काळीशार आहेत, दुसरं काही देत नाही.


महूचा_बागवान
15 सप्टेंबर

देपालपूरवाले भिया, तुमची जमीन उताराची असेल किंवा खाली मुरूम असेल, म्हणून चाललंय, आणि चाललंय ते चांगलंच आहे. जीवामृत मी पण देतो. पण त्यातले जीव पण श्वास घेणारेच आहेत हो, चिखलात ओतले तर ते काय करणार? आणि जिवाणूंना खायला मातीवर पाचोळा पाहिजे, नुसत्या जिवाणूंनी पोट भरत नाही झाडाचं. आधी निचरा, मग आच्छादन, मग जीवामृत. ताईंनी आत्ता खालच्या ओळीत दर झाडाला पाच-पाच लिटर पातळ काही ओतलं तर नुकसानच होईल.


देपालपूर_देशी
15 सप्टेंबर

हे बरोबर आहे, माझ्याकडे दोन फुटांवर मुरूमच आहे. निचरा मी धरलाच नव्हता. ताई आधी दादा म्हणतात ते करा.


रामबागकर
16 सप्टेंबर

सगळे इतकं छान लिहितायत पण एक गोष्ट कोणीच काढली नाही आणि इंदूरच्या माणसांनी तरी ती काढायलाच पाहिजे. जगभर ज्याला इंदूर पद्धतीचं कंपोस्ट म्हणतात ते इथलं आहे, आपल्या गावचं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड 1924 साली इथे आले, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभी राहिली, आता जिथे कृषी महाविद्यालय आहे तिथेच, आणि 1931 पर्यंत त्यांनी इथे काम केलं. त्यांच्याबरोबर रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे होते यशवंत वाड, म्हणजे आपल्यातलेच, आणि त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. होळकर संस्थानाच्या या गावाचं नाव त्या पद्धतीला दिलं गेलं.

आणि ताईंच्या प्रश्नाशी याचा थेट संबंध आहे. हॉवर्ड इंदूरला यायच्या आधी बिहारमध्ये पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत होते आणि तिथे त्यांनी फळझाडांची मुळं उकरून उकरून बघितली होती. फळझाडाखाली दाट गवत वाढलं की झाड का खंगतं, तर मुळांना हवा मिळत नाही म्हणून, हे त्यांनी तिथे दाखवलं. म्हणजे महूच्या दादांच्या त्या म्हाताऱ्या माळ्याने जे विचारलं तेच.

मी गेली सहा वर्षं त्याच पद्धतीने खत करतो, थोडं सोयीप्रमाणे बदलून. ताई तुम्ही जूनमध्ये शेणखत टाकता ते किती कुजलेलं असतं? उकिरड्यावरचं उचलून आणलेलं असेल तर त्यात हुमणी येते, तणाचं बी येतं, आणि ते झाडाखाली कुजायला लागलं की उलट तिथली हवाच ओढून घेतं. त्यापेक्षा शेण थेट झाडाला न देता त्याचं कंपोस्ट करा. आत्ता महिन्याभरात सोयाबीन निघेल, मळणी झाली की कुटार, म्हणजे त्याचा भुसा, पडून असतं, पाहिजे तेवढं मिळून जाईल. वीतभर जाड कुटार आणि पाचोळा, त्यावर शेणाचा पातळ काला, त्यावर गोठ्यातली मुतलेली माती मिळाली तर मूठ-मूठ, परत कुटार, असं कमरेपर्यंत. दाबायचं नाही, पायाने तुडवायचं तर अजिबात नाही. ओलावा असा की मुठीत पिळलं तर बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई मध्ये खुपसा, दहा मिनिटांनी काढा, हातात धरवली नाही पाहिजे. नाही तापली तर शेण कमी पडलंय किंवा कोरडं आहे. दोन आठवड्यांनी पहिली पलटी, बाहेरचं आत, आतलं बाहेर, मग ढीग लावल्यापासून महिन्याने, मग दोन महिन्यांनी. तीन महिन्यांत काळं, मऊ, पहिल्या पावसासारख्या वासाचं खत होतं. पावसाळ्यात खड्ड्यात करू नका, जमिनीवर ढीग करा, हॉवर्ड पण तसंच करायचे, खड्ड्यात पाणी भरलं की सडतं.

मूळ पद्धतीत लाकडाची राख पण होती ढिगात, आंबटपणा मारायला. तुमची बंबातली राख ढिगात ओंजळभर गेली तर चालून जाईल पण काकू म्हणतात तसं झाडाखाली थेट नको.

तयार झालं की चार-पाच वर्षांच्या झाडाला वीस-पंचवीस किलो वर्षाला, दोन हप्त्यांत, फांद्यांच्या टोकांखाली पसरून. वर किलोभर निंबोळी पेंड. कुदळीने मिसळू नका, मुळं वरच असतात. नुसतं पसरा आणि आच्छादन घाला, गांडुळं आत नेतात.


गच्चीवरचं_लिंबू
16 सप्टेंबर

मध्येच विचारतो, गच्चीवर ड्रममध्ये लिंबू आहे, त्याचीपण पानं अशीच, काळी मातीच भरली होती. काय करू?


मृदाकाकू
16 सप्टेंबर

ड्रममध्ये काळी माती नको. फेब्रुवारीत काढून भर: लाल किंवा मुरमाड माती, कुजलेलं कंपोस्ट आणि जाड वाळू, साधारण सारखे भाग. ड्रमची भोकं मोकळी आहेत का ते आजच बघ.


मंजिरी_सुदामानगर
16 सप्टेंबर

रामबागकर काका, शेण गोठ्यातून थेटच येतं, तुम्ही ओळखलंत. वाडांचं नाव बाबांना सांगितलं, ते कृषी महाविद्यालयाच्या रस्त्याने चाळीस वर्षं सायकलवर गेले-आले, त्यांना पण माहीत नव्हतं. ते दोनदा म्हणाले नाव परत सांग.

एक शंका आहे, आच्छादन घातलं तर ओल अजून धरून राहील ना? मग निचऱ्याचं काय?


महूचा_बागवान
16 सप्टेंबर

शंका अगदी बरोबर आहे ताई. म्हणून आधी चर. दोन ओळींच्या मधोमध दोन फूट खोल चर, उताराच्या दिशेने, तोंड शेवटी मोकळं. ऐन पावसाळ्यात खालच्या सात झाडांजवळचं आच्छादन पातळ ठेवा, आणि ऑक्टोबरात पाऊस गेला की चार बोटं जाड घाला, उन्हाळाभर ठेवा, म्हणजे भेगा पडणार नाहीत. बुंध्यापासून वीतभर लांब. सोयाबीनचं कुटार लवकर कुजतं, होळीपर्यंत संपतं, मग एप्रिलमध्ये गव्हाचा भुसा किंवा नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं) घ्या. आजूबाजूला लोक नरवाई जाळतात, ती जाळायच्या आधी मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. लोक म्हणतात भुश्याने नत्र ओढलं जातं, ते मातीत गाडला तर. वरवर पसरलेला काही करत नाही.

पुढच्या जूनमध्ये ओळींच्या मधल्या जागेत ताग किंवा ढेंचा (दोन्ही हिरवळीच्या खताची पिकं) पेरा, फुलावर आला की, साधारण दीड महिन्याने, कापून तिथेच झाडाखाली पसरा. तागाची मुळं खाली जातात, कुजली की तीच भोकं राहतात हवा-पाण्याला. काळ्या मातीला याच्यासारखी नांगरट नाही, आणि खरा नांगर मात्र झाडांच्या घेरात अजिबात नको.

डिंक्याला बोर्डो पेस्ट, 1 किलो मोरचूद (तांब्याचं क्षार), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी, आधी डिंक आणि कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून. सेंद्रियमध्ये चालतं पण तांबं मातीत साठतं, म्हणून बुंध्यालाच, मातीत सांडवू नका. सोबत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कंपोस्टमध्ये मुरवून द्या, पण बोर्डोच्या अंगावर नाही, पंधरा दिवस जाऊ द्या.

मोसंबीचं कलम कुठल्या खुंटावर, म्हणजे खाली मुळं कुठल्या जातीची, ते बाबांना विचारा. जंबेरीवर असेल तर ओल्या जमिनीत ती मूळकुजीला लवकर बळी पडते, रंगपूर लिंबू चुनखडीत जरा बरा टिकतो. कागदी लिंबू सहसा बियांचंच असतं, स्वतःच्या मुळावर.


मंजिरी_सुदामानगर
29 सप्टेंबर

उशीर झाला, मधला शनिवार पावसातच गेला. काल आणि आज दोन्ही दिवस तिथेच होते, बाबांना पण घेऊन गेले, खुर्ची टाकून बसवलं बांधावर.

वरच्या बाजूच्या खड्ड्यात काल सकाळी दहाला दुसऱ्यांदा पाणी भरलं होतं, आज सकाळी तळाला नुसती ओल होती. खालच्या खड्ड्यात आज संध्याकाळी निघताना पण वीतभर पाणी उभं. खणतानाच फरक दिसत होता, वर भुसभुशीत काळी माती, खाली दीड फुटावर चिकट राखाडी-निळसर माती, फावड्याला चिकटून निघेना, आणि तिला गटारासारखा वास. पांढरे खडे पण तिथेच, काकू म्हणाल्या तसे, हरभऱ्याएवढे. बाबांनी एक लिंबू तोडून त्या मातीवर पिळलं. खरंच चुर्र आवाज आला, बाबांनी मला जवळ बोलावून परत पिळून ऐकवलं. वरच्या मातीवर पिळलं तर जेमतेम दोन-चार बुडबुडे.

डिंकवाल्या मोसंबीचं मूळ ओढलं, साल मोज्यासारखीच निघाली, आत दोरा. दुसऱ्या वाळणाऱ्या झाडाचं निम्मं तसं, निम्मं चांगलं. लिंबाची मुळं सगळी ठीक. खुंट बाबांना आठवत नाही, पण पावती सापडली, जंबेरी लिहिलंय.

बुंध्याजवळची आळी सगळी मोडली, 34 च्या 34. पाच झाडांचा जोड मातीत गाडला गेला होता, उकरून मोकळा केला. डिंक खरवडला, पेस्ट लावली. पाणी आता दर पाचव्या दिवशी, ते पण त्या मुलाला सांगितलंय की आधी मातीचा गोळा करून टिचकी मारून बघायचं, फुटला तरच पाणी, नाहीतर नाही. नमुने वाळत घातलेत, चार पिशव्या. कुटाराच्या दोन ट्रॉल्या ठरवल्यात, शेजारचे काका म्हणाले पैसे नको, लिंबं द्या. चर उद्यापासून.

डिंकवाली मोसंबी काढून टाकावी का? बाबा म्हणतात एक वर्ष बघू.


मृदाकाकू
29 सप्टेंबर

बाबांचं ऐक. अर्ध्या फांद्या छाटून टाक, मुळं कमी झालीयत तर वरचा भार पण कमी पाहिजे. फळं सगळी तोड या वर्षीची. मार्चच्या पालवीवरून ठरव. काढावी लागली तर त्या जागी परत मोसंबी नको, लिंबू लाव, तेही वाफा हातभर उंच करून. रिपोर्ट आला की आकडे इथे लिही, लोह-जस्त खरंच कमी निघालं तर फवारणीचं बघू, सेंद्रियचं सर्टिफिकेट घेणार असाल तर आधी ते देणाऱ्यांना विचारून.


महूचा_बागवान
30 सप्टेंबर

ताई, चर सुरू करण्याआधी एक करा. तुमचं पाणी शेवटी ज्याच्या शेतात उतरणार त्याच्याशी आजच बोलून घ्या. चर खणून झाल्यावर तोंड बुजवलेलं मी बघितलंय, आणि तोंड बुजलेला चर म्हणजे झाडाच्या मुळाशी बांधलेला तलाव. त्याला पण सोबत घेऊन त्याच्या नाल्यापर्यंत नेता आला तर सगळ्यात चांगलं, त्याच्या सोयाबीनला पण पाणी साचणं नकोच असतं.


मंजिरी_सुदामानगर
30 सप्टेंबर

बोलले. ते म्हणाले माझ्याकडची दहा फूट मीच खणून देतो. शनिवारी दोघं मिळून तोंड काढणार आहेत, मी फोटो टाकते.